लाळेची नळी आधी आजीच्या हातात द्या

डीएनए चाचणीतून घराण्याचं मूळ शोधायचंय? मग सुरुवात घरातल्या सर्वांत वयस्कर माणसापासून करा, अर्थात त्यांना विचारून. नातवंडात आजीचा साधारण 25 टक्केच डीएनए उतरतो. बाकीचा तुमच्या नमुन्यात सापडणारच नाही. लाळ देण्याआधी अर्धा तास चहा नाही, पान-तंबाखू नाही, मिश्रीही नाही. लालबागच्या चाळीतल्या आजीला हे पटवणं हेच खरं काम!

निकालात प्रदेशांचे अंदाज टक्क्यांत येतात. मूळ गाव राजापूरकडचं की साताऱ्याकडचं, कुलदैवत कोणतं, हे त्यात नसतं. त्यासाठी आजोबांचा शाळेचा दाखला, गिरणीतले जुने कागद काढा. जमल्यास त्र्यंबकेश्वरला जाऊन तीर्थोपाध्यायांकडच्या वंशावळीच्या वह्याही बघा. नातेवाईक जुळवणीचा पर्याय, म्हणजे चाचणी केलेल्या इतरांपैकी कुणाचा डीएनए तुमच्याशी जुळतो ते दाखवणारी सोय, मात्र घरच्यांशी बोलूनच सुरू करा. अनोळखी सावत्र भाऊसुद्धा निघू शकतो.