खासगीपणा जपणारा फोन: आधी तारीख पाहा, मग ओएस निवडा

गूगलच्या नजरेबाहेरचा फोन हवा म्हटलं की चर्चा थेट ग्राफीनओएस की लिनिएजओएस यावर जाते. या दोन्ही अँड्रॉइडवर आधारलेल्या, पण गूगलच्या सेवांशिवाय येणाऱ्या ओएस, म्हणजे फोन चालवणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टिम. पण ओएस फुकट मिळते, पैसे पडतात ते फोनचे. आणि तो फोन किती वर्षं सुरक्षित राहील, हे ओएस बनवणाऱ्यांच्या हातात नसतं. मोडेम, ग्राफिक्स चिप, बूटलोडर (फोन सुरू होताना ओएस उघडणारा छोटा प्रोग्राम) यांच्या फर्मवेअरची, म्हणजे आत बसवलेल्या सॉफ्टवेअरची, दुरुस्ती फोनची आणि चिपची कंपनीच देऊ शकते. तिने हात आखडता घेतला की वरची ओएस कितीही ताजी असली तरी खालचा पाया जुनाच राहतो.

लिनिएजओएस टाकलेल्या जुन्या फोनवर हे डोळ्यांनी दिसतं. सेटिंग्जमध्ये ‘फोनविषयी’ उघडा आणि अँड्रॉइडच्या आवृत्तीवर टॅप करा. तिथे दोन तारखा असतात. अँड्रॉइडच्या सिक्युरिटी अपडेटची तारीख अगदी अलीकडची दिसेल. व्हेंडर पॅचची, म्हणजे फोन आणि चिपच्या कंपनीकडून आलेल्या दुरुस्तीची, तारीख मात्र तीन-चार वर्षांपूर्वीचीही असू शकते. निर्णय घ्यायचा तो या दुसऱ्या तारखेवर.

म्हणून किंमत महिन्यांत मोजावी. गूगलच्याच पिक्सेल ६ए या फोनला सुरक्षा अपडेट जुलै २०२७ पर्यंत आहेत, ७ए ला मे २०२८ पर्यंत. पिक्सेल ८ पासून कंपनीने सात वर्षांचं आश्वासन दिलं आहे, त्यामुळे ८ए मे २०३१ पर्यंत चालतो. समजा, जानेवारी २०२६ मध्ये वापरलेला ६ए १२,००० रुपयांना मिळाला आणि ८ए २६,००० ला. पहिल्याचे १८ महिने उरलेत, म्हणजे महिन्याला सुमारे ६६७ रुपये. दुसऱ्याचे ६४ महिने, म्हणजे सुमारे ४०६. स्वस्त वाटलेला फोन महाग पडला. पर्यावरणाचं गणितही याच बाजूला झुकतं: फोनमुळे होणाऱ्या कार्बन उत्सर्जनाचा मोठा भाग तो कारखान्यात बनतानाच होऊन जातो, त्यामुळे आधीच बनलेला फोन जास्तीत जास्त वर्षं वापरणं हीच खरी बचत.

आता ओएस. खासगीपणा आणि सुरक्षा दोन्ही हवी असेल तर आमची पहिली पसंती ग्राफीनओएस. ती सध्या पिक्सेलवरच चालते. पिक्सेलवर दुसरी ओएस टाकूनही बूटलोडर पुन्हा लॉक करता येतो. मग फोन सुरू होताना ओएसमध्ये कुणी ढवळाढवळ केली आहे का, हे चिप स्वतः तपासते. प्ले स्टोअर हवं असेल तर ते साध्या ॲपसारखं, खास अधिकारांशिवाय टाकता येतं. प्रत्येक ॲपचं इंटरनेट वेगळं बंद करता येतं आणि ॲपला ठरावीक फायली किंवा ठरावीक संपर्कच दाखवता येतात.

हातात पिक्सेल नसेल आणि आहे तोच फोन टिकवायचा असेल तर लिनिएजओएस पाहा, तिची मॉडेलांची यादी मोठी आहे. पण बहुतेक फोनवर बूटलोडर उघडाच ठेवावा लागतो. बळेच लॉक केला तर फोन ब्रिक, म्हणजे निकामी, होऊ शकतो. असा फोन चोरीला गेला तर संरक्षण कमी, हे धरून चाला. ई-ओएस ही लिनिएजवरच उभी आहे, गूगल सेवांच्या जागी तिच्यात मायक्रोजी हा मुक्त पर्याय येतो. युरोपात ती फेअरफोन कंपनीच्या फोनवर आधीच घातलेली मिळते. उबुंटू टच या अँड्रॉइड नसलेल्या ओएसवर बँकेची ॲप नाहीत, त्यामुळे रोजच्या एकमेव फोनसाठी ती नको.

प्रकल्पाचा टिकावही तपासा. अशाच ओएसपैकी डाइव्हेस्टओएस डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली, कॅलिक्सओएसने ऑगस्ट २०२५ मध्ये नव्या आवृत्त्या थांबवल्या. चांगली कामं होती, पण माणसं मोजकी. गेल्या सहा महिन्यांत दर महिन्याला अपडेट आलं का, एवढं पाहिलं तरी अंदाज येतो.

वापरलेला पिक्सेल घेताना पैसे देण्याआधी विक्रेत्यासमोरच हे करा. ‘फोनविषयी’मधल्या बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप करून डेव्हलपर ऑप्शन्स उघडा आणि फोन वायफायला जोडून ‘ओईएम अनलॉकिंग’ (बूटलोडर उघडू देणारं बटण) चालू होतं का पाहा. ते करडं असेल आणि नेट जोडूनही सुरू होत नसेल, तर फोन बहुधा अमेरिकेतल्या एखाद्या मोबाइल कंपनीचा लॉक केलेला आहे. तो घेऊ नका. *#०६# ने आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) काढून संचार साथी या सरकारी संकेतस्थळावर तपासा. जिओचं सिम घालून एक कॉल लावा: जिओला २जी-३जी नाही, त्यामुळे व्होएलटीई (४जीवरून कॉल) चाललं नाही तर साधा कॉलही लागत नाही. ६ए आणि ७ए ची पाठ फुगलेली नाही ना, बोट फिरवून बघा. या दोन्ही मॉडेलांच्या बॅटरीच्या तक्रारींवर कंपनीला २०२५ मध्ये खास योजना काढाव्या लागल्या.

ग्राफीनओएस टाकायला संगणकावर ३२ जीबी जागा, २ जीबी मोकळी रॅम आणि डेटा वाहणारी चांगली केबल लागते. नुसत्या चार्जिंगच्या केबलने फोन दिसतच नाही.

१. आधी फोनचा बॅकअप घ्या आणि स्टॉक (फोनसोबत आलेली) ओएस पूर्ण अपडेट करा. ‘ओईएम अनलॉकिंग’ चालू ठेवा. पुढच्या पायऱ्यांत सगळा डेटा पुसला जातो.
२. फोन रीस्टार्ट होताना आवाज कमी करायचं बटण दाबून धरा, फास्टबूटचा, म्हणजे ओएस टाकण्याच्या मोडचा, पडदा येईल.
३. क्रोम किंवा एजमध्ये प्रकल्पाचं वेब इन्स्टॉलर उघडा, इन्कॉग्निटो नको. अनलॉक, डाउनलोड, फ्लॅश (ओएस फोनवर लिहिणं), लॉक ही बटणं याच क्रमाने दाबा. अनलॉक आणि लॉकला फोनवरही होकार द्यावा लागतो.
४. फ्लॅश अर्ध्यात थांबला तर यूएसबी हब काढून केबल थेट संगणकात लावा. विंडोजला फोन दिसत नसेल तर विंडोज अपडेटच्या ऐच्छिक यादीतला ड्रायव्हर घाला.
५. लॉक केल्यावर सुरू होताना पिवळी सूचना आणि एक लांबलचक कोड दिसतो. तो प्रकल्पाच्या संकेतस्थळावरच्या कोडशी ताडून पाहा. सूचना नारिंगी असेल तर लॉक झालेलं नाही.
६. शेवटी ‘ओईएम अनलॉकिंग’ बंद करा.

राहिला यूपीआयचा प्रश्न. काही बँकांची ॲप गूगलची प्ले इंटिग्रिटी तपासणी (फोन आणि त्यातली ओएस गूगलने मान्य केलेली आहे का) मागतात. ग्राफीनओएस तिची मूलभूत पातळी पार करते, त्यापुढची नाही. काही ॲप नुसते डेव्हलपर ऑप्शन्स चालू दिसले तरी अडतात, ते बंद करून पाहा. नोंदणीसाठी त्याच सिमवरून एसएमएस जातो, तेव्हा ॲपला एसएमएसची परवानगी द्यावी लागते. पहिले पंधरा दिवस जुना फोन विकू नका. बँक, यूपीआय, डिजिलॉकर एकेक करून नव्यावर चालवून बघा. जे ॲप अडेल त्याचं काम बँकेच्या संकेतस्थळावरून होतं का ते तपासा, आणि मगच जुन्याचा सौदा करा.