हृदय आणि रक्तवाहिन्यांसाठी फळे कशी खावीत
जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला किमान ४०० ग्रॅम फळे आणि भाज्या खाण्याची शिफारस करते. फळे शक्यतो अख्खीच खावीत, कारण रस गाळताना कोलेस्टेरॉल कमी करण्यास मदत करणारा तंतुमय भाग निघून जातो. सफरचंद धुऊन सालीसकट खावे. त्यातील क्वेर्सेटिन हे पॉलिफेनॉल (वनस्पतींत आढळणारे एक प्रकारचे संयुग) मुख्यतः सालीतच असते. बेरीवर्गीय फळे, गडद द्राक्षे, चहा आणि कोको यांतील फ्लॅव्होनॉइड्स (पॉलिफेनॉलचाच एक गट) रक्तवाहिन्यांच्या आतील अस्तराला नायट्रिक ऑक्साइड तयार करण्यास मदत करतात, त्यामुळे वाहिन्या सैलावतात आणि रक्तदाब किंचित उतरू शकतो. हा परिणाम सौम्य असल्याने फळांच्या भरवशावर औषध थांबवणे धोक्याचे आहे. ग्रेपफ्रूट तर सिम्वास्टॅटिन या कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या औषधासारख्या काही औषधांचे रक्तातील प्रमाण वाढवते, म्हणून ती घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.