जिप्सम पार्टिशनच्या आतल्या कोपऱ्यात पाणी लागून सुटलेली टेप : दुरुस्ती कशी करावी

ठाण्यात घोडबंदर रस्त्यालगत किंवा नवी मुंबईत खारघर, नेरूळ, ऐरोली अशा भागांतल्या सदनिकांमध्ये हॉलचा एक भाग वेगळा काढून मुलांना अभ्यासाची खोली करून देण्यासाठी, किंवा एसीचे पाइप आणि वायरी झाकण्यासाठी, जिप्सम बोर्डाचे पार्टिशन सर्रास उभारले जाते. अशा पार्टिशनचे दोन बोर्ड जिथे काटकोनात मिळतात, त्या आतल्या कोपऱ्यात पाणी गेले की आधी रंगाला एक उभी सुरकुती पडते, मग तपकिरी डाग दिसू लागतो आणि काही दिवसांनी कागदाची पट्टी कडेने सुटून पापुद्र्यासारखी लोंबू लागते. ही दुरुस्ती घरच्या घरी नीट करता येते. प्रत्यक्ष हाताचे काम दोन-तीन तासांचेच असते. पण मध्ये वाळण्यासाठी जितके दिवस द्यावे लागतात तितके दिले नाहीत, तर सगळी मेहनत वाया जाते.

टेप का सुटते हे आधी समजून घेतलेले बरे. जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट. त्याच्या स्फटिकातच वजनाच्या सुमारे २१ टक्के पाणी बांधलेले असते आणि त्या पाण्याने त्याचे काही बिघडत नाही. बाहेरून शिरलेले पाणी मात्र बोर्डाचा गाभा मऊ करते आणि त्याच्या दोन्ही बाजूंचा कागद फुगवते. बोर्डाची बरीचशी ताकद या कागदातच असते. कोपऱ्यातली टेपसुद्धा कागदाचीच, साधारण ५० मिलिमीटर रुंद आणि मधोमध घडीची रेघ असलेली असते, आणि ती केवळ जॉइंटिंग कंपाउंडच्या, म्हणजे बोर्डांचे सांधे भरण्याच्या लेपाच्या, पातळ थराने धरलेली असते. हा थर भिजला की टेप आणि बोर्ड एकमेकांना सोडतात. म्हणून सुटलेल्या टेपवर वरून पुट्टी ओढणे ही दुरुस्ती नव्हे. टेपखालची पकड गेलेली असते आणि ती नव्यानेच तयार करावी लागते.

पहिले काम पाणी कुठून येते ते शोधण्याचे. एसीजवळचा कोपरा असेल आणि डाग एप्रिल-मे महिन्यांत उमटला असेल, तर संशय ड्रेन पाइपवर घ्यावा. आतल्या युनिटच्या ट्रेमध्ये मगाने हळूहळू लिटरभर पाणी ओतावे आणि बाहेरच्या टोकाला ते मोकळेपणाने पडते का ते पाहावे. धार न येता थेंबच येत असतील, तर पाइपमध्ये शेवाळाचा गाळ बसला आहे असे समजावे. कोपरा खिडकीलगत असेल, तर स्लायडिंग खिडकीच्या खालच्या ट्रॅकमधली पाणी बाहेर जाण्याची बारीक भोके तपासावीत. धूळ आणि कबुतरांच्या पिसांनी ती बुजली की ट्रॅक भरून पाणी घरात उतरते. या भागात वर्षाचा अडीच हजार मिलिमीटरच्या आसपासचा पाऊस बहुतांश चार महिन्यांतच पडतो, त्यामुळे अशा क्षुल्लक अडथळ्यानेही कोपरा दिवसेंदिवस ओला राहतो. डाग वरून खाली पसरत असेल आणि पावसाशी त्याचा संबंध दिसत नसेल, तर वरच्या मजल्यावरील न्हाणीघराकडे पाहावे लागते. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पावसाच्या पाण्याची आणि बाहेरच्या सामायिक नळांची गळती दुरुस्त करणे ही संस्थेची जबाबदारी असते, तर सदनिकेतील शौचालय किंवा सिंक यांतून होणाऱ्या गळतीचा खर्च संबंधित सभासदाने करायचा असतो. त्यामुळे कारण नक्की करून मगच सोसायटीला लेखी अर्ज द्यावा आणि सोबत डागाचे तारखेसह फोटो जोडावेत.

गळती थांबल्यानंतर कोपरा वाळू द्यावा, आणि इथेच बहुतेकांकडून चूक होते. आमच्या घोडबंदर रस्त्यावरच्या घरात गणपतीपूर्वी घर नीटनेटके दिसावे म्हणून रंगाऱ्याने ओलसर कोपऱ्यावरच पुट्टी मारून रंग दिला. चतुर्थीला भिंत सुरेख दिसत होती. अनंत चतुर्दशीपर्यंत त्या पुट्टीखाली बोटभर रुंदीचा फुगा आला, आणि तो नखाने दाबल्यावर आतून गार, पिठूळ ओल हाताला लागली. तेव्हापासून माझे मत पक्के आहे, की पावसाळ्यात भिजलेला कोपरा ऑगस्टमध्ये झाकण्यापेक्षा सुटलेली टेप काढून उघडा ठेवावा आणि नवरात्रानंतर, ऑक्टोबर हीटच्या कोरड्या हवेत, दिवाळीच्या आधी त्याची दुरुस्ती करावी. घरात पाहुणे येणार असले तरी उघडा कोपरा चालतो. एसीच्या गळतीने उन्हाळ्यात भिजलेल्या कोपऱ्यासाठी इतके थांबण्याची गरज नसते. टेबल फॅन कोपऱ्याकडे तोंड करून लावला की तीन-चार दिवस पुरतात. हेअर ड्रायर किंवा हीट गन मात्र वापरू नये, कारण सतत ५० अंशांहून अधिक उष्णता लागत राहिली की जिप्सममधले बांधलेले पाणीही सुटू लागते आणि बोर्ड ठिसूळ होतो. वाळल्याची खात्री करण्यासाठी फूटभर लांबी-रुंदीचा जाड प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून त्या जागी बसवावा. चोवीस तासांनी त्याच्या आतल्या बाजूला दव दिसले तर अजून थांबावे.

टेप काढण्यापूर्वी त्या भागाचा एमसीबी बंद करावा, कारण पार्टिशनच्या पोकळीत वायरी असतात आणि तिथे पाणी गेलेले असते. नंतर धारदार कटरने टेपच्या दोन्ही कडांबाहेर एक-एक सेंटिमीटर अंतरावर, फक्त रंग आणि पुट्टी कापली जाईल इतक्याच खोलीने, उभी रेघ मारावी. ही रेघ न मारता टेप ओढली तर तिच्यासोबत बोर्डाचा चांगला कागदही पापुद्रा निघावा तसा लांबवर फाटत जातो आणि वीतभराचे काम हातभर होते. सुटलेल्या टोकापासून टेप भिंतीच्या जवळ धरून हळूहळू ओढत जावे आणि जिथे ती हाताला विरोध करू लागेल, तिथून आणखी तीन-चार इंच पुढे जाऊन सरळ आडवा छेद द्यावा. तिथली टेप पक्की असेल, तर ती काढण्याचा आग्रह धरू नये. संपूर्ण कोपरा वरपासून खालपर्यंत उकरण्याची गरज क्वचितच पडते.

आता बोर्ड अंगठ्याने दाबून पाहावा. तो घट्ट लागला आणि ठोकल्यावर कोरडा, टणक आवाज आला तर बोर्ड वाचला आहे. अंगठा आत रुतत असेल किंवा बोर्डाची कड पिठासारखी झडत असेल, तर तेवढा भाग करवतीने कापून त्याच जाडीचा, बहुधा साडेबारा मिलिमीटरचा, नवा तुकडा बसवावा. त्या जागी ओलीचा धोका कायमचा असेल तर हिरव्या कागदाचा ओलावारोधक बोर्ड घ्यावा. गंजलेले स्क्रू काढून २५ मिलिमीटरचे नवे ड्रायवॉल स्क्रू मारावेत, आणि ते कागद न फाडता जरासेच आत बसतील इतकेच पिळावेत. बुरशीबाबत तडजोड करू नये. काळे ठिपके केवळ रंगावर असतील तर साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसून टाकावेत, पण बुरशी कागदात उतरली असेल तर तो भाग कापूनच काढावा. कोरड्या बुरशीवर ब्रश मुळीच घासू नये, कारण तिचे कण हवेत उडून श्वासावाटे शरीरात जातात. हातमोजे आणि एन-९५ मास्क वापरावा, आणि घरात दम्याचा त्रास असलेले कोणी असेल तर त्यांना त्या दिवशी दुसऱ्या खोलीत बसवावे.

फाटलेल्या ठिकाणी बोर्डाचा जो उघडा तपकिरी कागद दिसतो, त्यावर सरळ कंपाउंड लावले तर तो पाणी शोषून फुगतो आणि फोड येतात. त्याच्या सैल कडा कटरने साफ करून त्यावर ऑइल प्रायमरचा एक पातळ हात द्यावा आणि तो पूर्ण वाळू द्यावा. याच हाताने पाण्याचा तपकिरी डागही दाबला जातो. पाण्यात मिसळायच्या प्रायमरमधून तो डाग पुन्हा वर येतो.

सामान घेताना दुकानात "जिप्समची पेपर जॉइंट टेप" असे स्पष्ट सांगावे. नुसते "पेपर टेप" म्हटले की रंगकामाची पिवळसर मास्किंग टेप हातात पडू शकते, आणि तिचा येथे काहीच उपयोग नाही. फायबरची जाळीदार चिकट टेप लावायला सोपी असली तरी आतल्या कोपऱ्यासाठी मी ती सुचवणार नाही, कारण तिला घडीची रेघ नसते, ती कोपऱ्यात गोलसर बसते आणि पुट्टी ओढण्याच्या पत्र्याची धार लागली की तिचे धागे वर येतात. व्हाइट सिमेंटची पुट्टी भिंतींसाठी उत्तम, पण टेप चिकटवण्यासाठी ती नाही. टेपसाठी जिप्समचे जॉइंटिंग कंपाउंडच लागते. याखेरीज चार इंची आणि सहा इंची असे दोन पत्रे, स्वच्छ बादली आणि पॉलिश पेपर एवढे पुरते.

पावडरचे कंपाउंड कालवताना आधी पाणी घ्यावे आणि त्यात पावडर सोडावी. दोन मिनिटे भिजू देऊन मग ढवळावे, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. पाणी आणि भांडे स्वच्छ हवे, कारण आधीच्या कालवणाचे घट्ट झालेले कण नव्या कालवणात मिसळले की ते वेळेआधीच आवळते. कालवण श्रीखंडापेक्षा किंचित सैल असावे: पत्र्यावर उभे राहावे, पण भिंतीवर ओढताना खरवडू नये. एका वेळी अर्ध्या तासात संपेल इतकेच करावे, आणि घट्ट होऊ लागलेल्या कालवणात पुन्हा पाणी घालू नये.

बोर्डांमध्ये फट दिसत असेल तर ती आधी भरून घ्यावी. मग कोपऱ्याच्या दोन्ही बाजूंना तीन इंच रुंदीचा, दोन-तीन मिलिमीटर जाडीचा एकसारखा थर द्यावा. टेप मोजून कापावी, घडीच्या रेघेवर मुडपावी आणि पाण्यातून एकदा झटकन काढावी, म्हणजे ती कंपाउंडमधले पाणी शोषून घेत नाही. जुन्या टेपच्या टोकाशी नवी टेप कडेला कड लावून बसवावी. एकावर एक चढवली तर तिथे उंचवटा कायम राहतो. आता टेपची घडी कोपऱ्यात बोटांनी दाबत वरून खाली यावे आणि मग चार इंची पत्र्याने आधी एक बाजू, नंतर दुसरी बाजू, नेहमी मधल्या भागाकडून दोन्ही टोकांकडे ओढावी. पत्रा किती दाबावा हे हाताला एक-दोनदा केल्यावरच कळते. टेपच्या कडेने कंपाउंडची बारीक ओळ सारखी बाहेर येत राहिली तर दाब योग्य आहे. काहीच बाहेर येत नसेल तर टेपखाली माल कमी आहे. तिथे टेप उचलून पुन्हा थर द्यावा, कारण ती कोरडी जागाच पुढे फुगा होऊन दिसते. आणि सगळाच माल बाहेर ढकलला गेला तर टेपला धरायला काही उरत नाही. बाहेर आलेला माल टेपवरूनच पातळ पसरून घ्यावा आणि काम त्या दिवसापुरते थांबवावे.

दुसऱ्या दिवशी, आणि हवा दमट असेल तर तिसऱ्या दिवशी, वरचा हात द्यायचा. तो एका दिवशी कोपऱ्याच्या एकाच बाजूला द्यावा. दोन्ही बाजू ओल्या असताना एक गुळगुळीत करायला जावे तर पत्र्याची कड दुसरीत रेघ उमटवते आणि कोपरा कधीच धारदार होत नाही. डावी बाजू कडक झाली की उजवी, दोन्ही सहा इंची पत्र्याने, कडेला शून्य होत जाणाऱ्या जाडीने. गरज वाटलीच तर आणखी एक पातळ हात द्यावा. शेवटी १८० किंवा २२० नंबरच्या पॉलिश पेपरने हलके घासावे, घासताना मास्क लावावा आणि टेपचा कागद केसाळ दिसू लागताच थांबावे. मोबाइलची विजेरी भिंतीला समांतर धरली की राहिलेले उंचसखल भाग लगेच दिसतात.

जिप्समचा बोर्ड विटांच्या भिंतीला मिळतो तो कोपरा मात्र वेगळा समजावा. दोन्ही वस्तू उन्हापावसात कमी-अधिक हलतात, त्यामुळे तिथे टेप लावूनही सरळ उभी चीर पुन्हा पडते. तिथे सांधा साफ करून त्यात रंग घेणारा ॲक्रिलिक सीलंट भरावा.

रंगापूर्वी दुरुस्त केलेल्या पट्ट्याला प्रायमर द्यावा, नाही तर तिथे रंग शोषला जाऊन निस्तेज पट्टा दिसतो. नंतर ठिगळासारखा तेवढाच भाग न रंगवता दोन्ही भिंती निदान पुढच्या कोपऱ्यापर्यंत रंगवाव्यात. जुना रंग फिकट झालेला असतो आणि तोच क्रमांक आणला तरी फरक कळतो. उरलेली कंपाउंडची पावडर पिशवीत तशीच ठेवली तर आपल्याकडच्या दमट हवेत तिचे खडे होतात, म्हणून ती घट्ट झाकणाच्या डब्यात भरून त्यावर तारीख घालावी आणि उरलेल्या टेपचा गुंडाळाही त्यातच ठेवावा.