गणपतीत आमच्याकडे आलात की दादाशी असं बोला

माझा दादा चौतीस वर्षांचा आहे आणि ऑटिस्टिक आहे. त्याला माणसं आवडतात, पण धांदल झेपत नाही. गणपतीत घरी सतत राबता असतो, म्हणून येणाऱ्या सगळ्या काका-मावश्यांसाठी हे लिहिते आहे.

फोन करून या आणि सांगितलेल्या वेळी या. उशीर होणार असेल तर किती ते कळवा. “पाच मिनिटांत पोचतो” म्हणालात, तर सहाव्या मिनिटापासून त्याची घालमेल सुरू होते.

आल्यावर “ओळखलंस का मला?” अशी परीक्षा घेऊ नका. “मी सांगलीची मावशी,” असं सरळ सांगा. एका वेळी एकच प्रश्न विचारा आणि मग खरोखर थांबा. मनात सावकाश दहापर्यंत आकडे मोजा. उत्तर येत असतं. तोच प्रश्न शब्द बदलून पुन्हा विचारलात की त्याला पहिल्यापासून जुळवाजुळव करावी लागते. तो तुमच्याकडे बघत नसला तरी ऐकत असतो. आणि कृपा करून “हा जेवला का?” असं आईला विचारू नका. तो समोर बसलेला आहे, त्यालाच विचारा.

गप्पांसाठी सगळ्यात चांगली जागा म्हणजे दूर्वांचं ताट. २१ दूर्वांची जुडी आमच्याकडे तोच बांधतो. शेजारी बसा, निवडू लागा. कुठली काडी घ्यायची, कुठली टाकायची हे तो आपणहून सांगू लागेल. मला त्याच्याशी झालेल्या उत्तम गप्पा अशाच आठवतात, हातात काम आणि नजर खाली.

आरतीला टाळ-झांजा सुरू झाल्या की तो हेडफोन लावून दाराशी डुलत उभा राहतो. हा देवाचा अनादर नाही. आवाज, वास, स्पर्श त्याच्यापर्यंत गाळून पोचत नाहीत, सगळे एकदम अंगावर येतात. २०१३ पासून निदानाच्या निकषांतही ही संवेदनशीलता धरली जाते. डुलल्याने तो सावरतो. हात धरून थांबवू नका. पाठीवर थाप नको, जवळ ओढणं नको. पानावरही आग्रह नको: वरणभात वेगळा, भाजी वेगळी, एवढंच तो जेवतो.

कधी तो कान दाबून ओरडेल किंवा खोलीत निघून जाईल. तो हट्ट नसतो, सहन होण्याची हद्द संपलेली असते. समजूत घालायला मागे जाऊ नका. टीव्ही बंद करा, आवाज खाली आणा, बाकी आम्ही बघतो.

वैद्यांचे पत्ते नकोत. ऑटिझम जन्मजात असतो. लशीमुळे किंवा आईच्या दुर्लक्षामुळे होत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात त्याची स्वतंत्र नोंद आहे. त्याबद्दल विचारायचं असेल तर मला बाजूला घेऊन जरूर विचारा.

निघताना त्याला सांगून निघा. “येऊ लवकर” म्हणण्यापेक्षा तारीख सांगा. ठरलेली नसेल तर “अजून ठरलं नाही” एवढं सांगितलेलं त्याला चालतं.