ऊतीतलं फिश: प्रोबला नावं ठेवण्याआधी या चुका टाळा

केंद्रकात कोणतं गुणसूत्र कुठे बसलंय हे पाहायला फिश (फ्लुओरेसन्स इन सिटू हायब्रिडायझेशन) करतात: डीएनएच्या नेमक्या तुकड्याला रंगीत प्रोब चिकटवायचा आणि ठिपके शोधायचे. काचेवर वाढवलेल्या पेशींत छान जमलेलं हे काम उंदराच्या यकृतावर घेतलं की घोळ सुरू होतो. मग प्रोब बदलतात, तोही महागडा. चूक बहुतेकदा त्याच्या आधीच झालेली असते.

सांगलीच्या मे महिन्यात सगळ्यात आधी डोक्यावरचा पंखा बंद करा. बफर (धुण्याचं द्रावण) बदलताना स्लाइड जरा उघडी राहिली की सेक्शनच्या, म्हणजे ऊतीच्या पातळ कापाच्या, कडा वाळतात, केंद्रकं पापडासारखी चपटी होतात. मग ठिपका केंद्रकात आत आहे की त्याच्या कडेला, हे मोजण्यात अर्थच उरत नाही. झेड-स्टॅक (वरपासून खालपर्यंत थराथराने घेतलेले फोटो) घेऊन सेक्शनच्या कडेच्या आणि मधल्या केंद्रकांची उंची ताडून पाहा; कडेची बुटकी निघाली तर तो भाग सोडून द्या. स्लाइड ओला टिश्यू घातलेल्या बंद डब्यात ठेवायच्या आणि एका वेळी एकच बाहेर काढायची.

दुसरी चूक मोजणीतली. सेक्शन 5 मायक्रॉनचा आणि केंद्रक 8 मायक्रॉनचं, म्हणजे जवळपास प्रत्येक केंद्रक कापलं गेलेलं. एकच ठिपका दिसला म्हणून दुसरी प्रत गायब झाली असं लिहू नका, ती शेजारच्या सेक्शनमध्ये गेली असेल. जाड सेक्शन घ्या आणि वर-खाली दोन्हीकडून पूर्ण दिसणारी केंद्रकंच मोजा. उलट चार ठिपके दिसले तरी दचकू नका. यकृतपेशींत गुणसूत्रांचे दुप्पट संच असणं नेहमीचंच. उंदराच्या केंद्रकातले डॅपीचे (डीएनएला चिकटणाऱ्या निळ्या रंगाचे) ठळक गोळेही घाण नव्हेत, तो सेंट्रोमियरजवळचा, म्हणजे गुणसूत्राच्या आवळलेल्या भागाजवळचा, डीएनए आहे.

फिक्सेटिव्ह (ऊती आहे तशी टिकवणारं रसायन) ऊतीत तासाला जेमतेम मिलिमीटरभर शिरतं, म्हणून तुकडा लहानच कापा. सरावासाठी बोकडाची कलेजी आणत असाल तर ताजी, बर्फावर आणा. उंदराचा प्रोब तिच्यावर चालेल या भरवशावर मात्र राहू नका.

ठिपकेच नाहीत? प्रोब चिकटायला डीएनएचे दोन धागे आधी गरम फॉर्मामाइडमध्ये सुटे व्हावे लागतात, तेव्हा हॉटप्लेटच्या आकड्यावर न जाता जारमधल्या फॉर्मामाइडमध्येच थर्मामीटर बुडवा. आणि प्रोब चिकटण्यासाठी रात्रभर 37 अंशांवर चालणाऱ्या ओव्हनला इन्व्हर्टर जोडा, लाइट कधी जाईल सांगता येत नाही.

ठिपकेच ठिपके? प्रोब न घातलेली स्लाइड त्याच सेटिंगवर पाहा. हिरव्या रंगात लिपोफ्युसिन (पेशीत साचणारं पिवळट-तपकिरी रंगद्रव्य) आणि लाल रक्तपेशी आपसूक चमकतात.

शेवटी, दोन रंगांच्या ठिपक्यांमधलं अंतर लिहिण्याआधी बहुरंगी मण्यांची (अनेक रंगांत चमकणाऱ्या सूक्ष्म गोळ्यांची) स्लाइड बघा. एकाच मण्याचे दोन रंग एकमेकांपासून सरकलेले दिसले, तर तेवढी दुरुस्ती प्रत्येक मापात करावी लागेल.