गर्द, टीबी आणि कावीळ: उपचार एकाच वेळी आणि परवडेल असे कसे मिळवायचे

माझा धाकटा भाऊ सात वर्षं गर्दवर, म्हणजे ब्राउन शुगरवर होता. आधी पन्नीवर ओढायचा, नंतर टोचून घ्यायला लागला. मी कळव्याला पोळीभाजी केंद्र चालवते, तरी आईच्या पाटल्या मोडून त्याला एका खाजगी केंद्रात ठेवलं. आगाऊ ४५ हजार भरले. तीन महिने तो तिथे खोकत होता, कुणी थुंकी तपासली नाही. घरी आल्यावर आठव्या दिवशी पुन्हा सुई. छातीच्या डॉक्टरांकडे नेलं तर ते म्हणाले, "आधी नशा सोडवा, मग या." मी ते खरं मानलं आणि चार महिने घालवले.

तुम्ही ते मानू नका. नशा चालू असतानाही टीबी, एचआयव्ही आणि कावीळ (हिपॅटायटिस) यांचे उपचार सुरू करता येतात. सरकारी रस्त्याने गेलात तर औषधांचे पैसे लागत नाहीत.

सुरुवात आयसीटीसीपासून, म्हणजे एचआयव्हीच्या समुपदेशन आणि तपासणी केंद्रापासून करा. सिव्हिल, उपजिल्हा किंवा पालिकेच्या मोठ्या रुग्णालयात हा फलक दिसेल. एचआयव्हीची तपासणी आणि समुपदेशन तिथे मोफत असतं. २०१७ च्या कायद्यानुसार तुमच्या संमतीशिवाय तपासणी करता येत नाही आणि निकाल गुप्त ठेवावा लागतो. जवळचं केंद्र माहीत नसेल तर १०९७ ला फोन करा. तिथे गेल्यावर खरं सांगा. मी लाजून "अशक्तपणा आलाय" म्हणाले होते. समुपदेशक ताईंनी त्याच्याकडे बघून हळूच विचारलं, "सुई एकट्याची असते की वाटून घेता?" त्या एका प्रश्नानंतर सगळी दारं उघडली: एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि थुंकीची तपासणी, शिवाय ओएसटी केंद्राची, म्हणजे गर्दऐवजी औषधाची गोळी देतात त्या केंद्राची चिठ्ठी. एचआयव्ही निगेटिव्ह आला तरी तीन महिन्यांनी तपासणी पुन्हा करायची. नुकतीच लागण झालेली असेल तर ती पहिल्या वेळी दिसत नाही.

पोलिसांची भीती मलाही होती. एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात ६४अ हे कलम आहे. सेवनाची किंवा अगदी थोड्या मालाची केस असलेल्या व्यसनी माणसाने स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घेतले तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. उपचार अर्धवट सोडले तर ते जाऊ शकतं. केस असेल तर वकिलाला हे कलम दाखवा.

आता ओएसटी. ब्युप्रेनॉर्फिनची गोळी नर्ससमोर जिभेखाली ठेवून विरघळू द्यायची, रोज. टोचून घेणाऱ्यांसाठी ही सोय सरकारी एड्स नियंत्रण कार्यक्रमात मोफत आहे. पहिली गोळी टर्की, म्हणजे नशा न मिळाल्याने होणारा त्रास, सुरू झाल्यावरच देतात, कारण अंगात गर्द असताना दिली तर टर्की एकदम उसळते. म्हणून शेवटचं कधी घेतलं हे खोटं सांगू नका. "एक नशा सोडून दुसरी लावली" असं आमच्या चाळीत बोलले. मी सांगते, गोळी सुरू झाल्यावर तो महिन्याभरात सकाळी माझ्या शेजारी बसून कणीक मळायला लागला. रोज जाणं मात्र जड जातं. डबे पोचवायला निघताना मी त्याला सोबत घ्यायची आणि केंद्राच्या दारात सोडायची.

थुंकीत टीबी निघाला. सहा महिन्यांची औषधं मोफत मिळतात. निक्षय या टीबी रुग्णांच्या सरकारी नोंदणीत नाव आलं की आहारासाठी महिना १००० रुपये बँक खात्यात येतात, म्हणून खातं आधीच उघडून ठेवा. घरातल्या सगळ्यांचीही तपासणी करून घ्या.

इथे एक गोष्ट नीट वाचा. टीबीची गोळी सुरू झाल्यावर दुसऱ्या आठवड्यात त्याला जांभया, नाकातून पाणी, पायात कळा सुरू झाल्या. मला वाटलं, पुन्हा घेतलं. मी त्याला नको ते बोलले. त्याने काहीच घेतलं नव्हतं. टीबीच्या औषधांतलं रिफाम्पिसिन शरीरातलं ब्युप्रेनॉर्फिन लवकर संपवतं. ओएसटीच्या डॉक्टरांनी डोस वाढवला आणि दोन-तीन दिवसांत तो शांत झाला. टीबीची औषधं थांबली की डोस पुन्हा बघून घ्यावा लागतो. म्हणून दोन्हीकडच्या डॉक्टरांना एकमेकांच्या गोळ्या दाखवा. मी साधी प्लास्टिकची फाइल केली होती. वर एका कागदावर सगळ्या औषधांची नावं आणि सुरू केल्याची तारीख, खाली रिपोर्ट. प्रत्येक खिडकीवर आधी तो कागद पुढे करायची.

त्याला हिपॅटायटिस सी पण होता. नुसती अँटीबॉडी पॉझिटिव्ह आली म्हणून घाबरू नका, व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूंची तपासणी केल्यावरच आजार अंगात आहे की नाही ते कळतं. २०१८ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात ही तपासणी आणि औषधं मोफत आहेत. बहुतेकांना १२ आठवडे पुरतात. ही औषधंही रिफाम्पिसिनबरोबर चालत नाहीत, म्हणून त्याचा टीबी आधी संपवला. यकृतावर भार नको म्हणून त्या काळात दारूचा थेंबही नाही आणि एलएफटी, म्हणजे यकृताची रक्ततपासणी अधूनमधून. हिपॅटायटिस बी निगेटिव्ह असेल तर त्याची लस घ्या.

तुमचा माणूस दारू पिणारा असेल तर रस्ता थोडा वेगळा. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरात कोंडून एकदम बंद करू नका. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, त्यानंतर भ्रम होतो, जीवही जाऊ शकतो. सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात नेऊन दाखल करा. राहून उपचार घ्यायचे असतील तर सामाजिक न्याय मंत्रालयाच्या अनुदानावर चालणारी केंद्रं आहेत, १४४४६ वर विचारा. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून हे काम करतंय. खाजगी केंद्रात पैसे भरण्याआधी तीन गोष्टी विचारा: नोंदणी दाखवा, डॉक्टर कधी येतात, घरच्यांना भेटू देता का. एकाचंही उत्तर टाळलं तर तिथून निघा.

मध्ये तो एकदा घसरला. तेव्हा मी शिकले ते आधी कुणी सांगायला हवं होतं: काही दिवस बंद राहिल्यावर शरीराची सवय मोडते आणि जुन्या मापाने घेतलं तर श्वास थांबू शकतो. हे त्याला शांत असताना सांगून ठेवा, ओरडून नाही. माणूस गार पडला, हाक मारून उठत नाही, ओठ निळे दिसले तर लगेच १०८ लावा.

हिपॅटायटिसची औषधं संपल्यावर १२ आठवड्यांनी व्हायरल लोड पुन्हा करतात. त्याचा 'आढळला नाही' असा आला. पण हा आजार एकदा बरा झाला तरी दुसऱ्याच्या सुईने पुन्हा होतो. त्यामुळे जो अजून टोचतोय त्याला टोचून घेणाऱ्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेकडून नवी सुई मोफत घ्यायला पाठवा. आमच्या भागातली संस्था आम्हाला आयसीटीसीतल्या ताईंनीच दाखवली होती.