ब्रिटनमधील गुन्हा आणि शिक्षा: वर्गासाठी तीन मीटरचा कालपट

साताऱ्यातल्या आठवी-नववीच्या वर्गाला हा विषय शिकवायचा तर कालपट वर्गातच, मुलांकडून करून घ्यावा. ५६ बाय ७१ सेंमीची तीन कार्डशीट लांबीत मधोमध कापा आणि त्यातल्या पाच पट्ट्या दोन-दोन सेंमी एकावर एक घेऊन चिकटवा. एका वर्षाला एक सेंमी धरलं की १७०० ते २००० हा काळ तीन मीटरमध्ये बसतो.

पट्टीवर मधोमध आडवी रेघ मारा. रेघेच्या वर कायदा, खाली प्रत्यक्ष व्यवहार. हे दोन्ही एकत्र लिहिले की सगळा पट चुकतो. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये दोनशेच्या आसपास गुन्ह्यांना फाशी होती, हे वर येईल. राहत्या घरातून ४० शिलिंगांची चोरी केली तरी फाशी होती. म्हणून ज्यूरी (खटल्यात निकाल देणारे सामान्य नागरिक) अनेकदा मालाची किंमत मुद्दाम ३९ शिलिंग ठरवत आणि आरोपीचा जीव वाचवत, हे खाली. अनेकांची फाशी टळून समुद्रापार हद्दपारी होई, आधी अमेरिकेत, १७८७ पासून ऑस्ट्रेलियात. कायदा इतका कडक का, हे मुलं विचारतीलच. गुन्हेगार पकडायला पगारी पोलीस जवळपास नव्हते, म्हणून सारी भिस्त धाकावर. रॉबर्ट पील यांचं लंडन पोलीस दल १८२९ मध्ये आलं.

१८२० ते १८७० मध्ये नोंदींची गर्दी होते. तिथे चिठ्ठ्या पाच सेंमी रुंदीच्याच कापा आणि उंचीला मागेपुढे लावा. पेंटनव्हिल तुरुंग (१८४२) इथेच येतो. तिथे कैद्यांना एकमेकांपासून पूर्ण वेगळं ठेवत.

सर्वांत जास्त चूक १८६८ ला होते. त्या वर्षी फक्त जाहीर फाशी थांबली. तुरुंगाच्या भिंतीआड ती चालूच राहिली. खुनासाठीची फाशी १९६५ मध्ये स्थगित झाली, १९६९ मध्ये कायमची गेली. देशद्रोहासाठीची मात्र १९९८ पर्यंत कायद्यात होती.

आता पटाखाली लाल शाईची साताऱ्याची ओळ जोडा. ती वगळू नका. १८५७ मध्ये ब्रिटनमध्ये फाशी जवळपास खुनापुरतीच उरली होती. त्याच वर्षी साताऱ्यातल्या गेंडामाळावर ब्रिटिशांनी सतरा जणांना देहदंड दिला, काहींना तोफेच्या तोंडी बांधून. हद्दपारीची शिक्षाही ब्रिटनच्या कायद्यातून त्याच वर्षी काढली गेली, तरी ऑस्ट्रेलियाला शेवटचं जहाज १८६८ मध्ये पोचलं. आणि अंदमानातली कैद्यांची वसाहत सुरू झाली १८५८ मध्ये. ही नोंद लाल ओळीवर, बरोबर १५८ व्या सेंमीवर.